जखम लहान, कळ मोठी

पायात काटा मोडतो, पत्रा हाताला कापतो, ओल्या पायरीवरून घसरून मांडीला मुका मार लागतो. अशा वेळी घरात सगळ्यात आधी जागा पाहिली जाते: लाली किती, सूज किती, पू झालाय का. दिसायला फारसे काही नसेल तर हळद लावायची, दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची आणि एकदोन दिवस वाट पाहायची, हा घरोघरचा रिवाज आहे. बहुतेक जखमांना तो पुरतोही. पण त्वचेखालची चरबी, स्नायूंवरचे पातळ आवरण आणि खुद्द स्नायू यांत झपाट्याने पसरणारा एक जंतुसंसर्ग असा आहे की तिथे हाच रिवाज जिवावर बेततो. डॉक्टर त्याला नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस म्हणतात. क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंनी स्नायूच मरू लागला तर गॅस गँगरीन. बातम्यांत ‘मांस खाणारा जंतू’ असा मथळा येतो, तो दिशाभूल करणारा आहे. हे जंतू विषे सोडतात, आणि नासधूस होते ती मुख्यतः त्या विषांनी व त्यांनी पेटवलेल्या शरीराच्याच प्रतिकाराने. विषांचे काम खोलवर सुरू होते आणि त्वचेवर त्याची खूण शेवटी उमटते. म्हणून या आजाराची शंका घ्यायची की नाही, हे जखमेच्या रूपावरून ठरवू नये. वेदना, वाढीचा वेग आणि माणसाची एकूण अवस्था यांवरून ठरवावे. नुसत्या लक्षणांची यादी ऐन वेळी आठवत नाही. त्यामागचे कारण कळलेले असेल तर आठवते.

जंतू आणि त्याचे विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येते. गॅस गँगरीनचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, ओळखण्याची एक जुनी चाचणी आहे, नॅग्लर यांच्या नावाची. अंड्याचा पिवळा बलक घातलेल्या खाद्यावर बशीत जंतू वाढवायचे. त्याआधी बशीच्या अर्ध्या भागावर विषाचा उतारा पसरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी जंतूंची रेघ दोन्ही अर्ध्यांत सारखीच उगवलेली असते. पण उतारा नसलेल्या बाजूला रेघेभोवती दुधट, धुरकट पट्टा उठलेला दिसतो आणि उतारा असलेली बाजू स्वच्छ राहते. जंतू तोच आणि तितकाच, फक्त त्याचे विष निकामी. बलकात लेसिथिन असते आणि विष ते फोडते, म्हणून तो पट्टा उठतो. आपल्या प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणातही हाच पदार्थ असतो. १९४१ मध्ये मॅकफार्लेन आणि नाइट यांनी हे अल्फा विष म्हणजे लेसिथिन फोडणारे एक विकर आहे हे दाखवले. विष म्हणजे नेमके कोणते रसायन आणि ते कसे काम करते, हे जिवाणूंच्या बाबतीत इतके स्पष्ट प्रथमच कळले. पुढे १९९५ मध्ये संशोधकांनी या जंतूतले अल्फा विषाचे जनुक बंद केले, तेव्हा उंदरांमध्ये त्याला गॅस गँगरीन घडवता येईना. विष काढून घेतले की आजार जातो, यापेक्षा थेट पुरावा काय हवा?

हे विष पेशी फोडते एवढ्यावर थांबत नाही. ते रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना आणि पांढऱ्या पेशींना चिकटायला लावते. त्यांचे गठ्ठे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. घशाचा आणि त्वचेचा नेहमीचा संसर्ग करणारा ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस हेच काम स्ट्रेप्टोलायसिन ओ नावाच्या विषाने करतो. दोन अगदी वेगळे जंतू, पण वाहिन्या बुजवण्याची वाट एकच. इथे एक गोष्ट ठळक करून सांगायला हवी. गॅस गँगरीनच्या स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जंतू भरपूर दिसतात, स्नायूचे धागे मेलेले दिसतात, आणि पांढऱ्या पेशी मात्र जवळजवळ नसतात. त्या वाटेतच वाहिन्यांत अडकून पडलेल्या असतात. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या पोचल्याच नाहीत तर पू होणार कुठून? ‘पू नाही, म्हणजे विशेष काही नाही’ हा आपला ठोकताळा इथे साफ उलटा ठरतो.

रक्तपुरवठा तुटला की ऊती प्राणवायूसाठी तडफडतात आणि दुखतात. हृदयविकाराच्या झटक्यात छाती दुखते तेही याच कारणाने. त्यात स्ट्रेप्टोकोकसची आणखी एक कारागिरी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून उघड झाली. त्याचे स्ट्रेप्टोलायसिन एस हे विष वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना थेट चेतवते, आणि चेतलेले मज्जातंतू पांढऱ्या पेशींना जवळ येण्यापासून रोखणारा संदेश सोडतात. म्हणजे कळ ही आजाराची सावली नसून त्याच्या यंत्रणेचाच भाग आहे. डॉक्टर ज्याला ‘दिसण्याच्या मानाने फार जास्त वेदना’ म्हणतात ती इथून येते. त्वचेला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या खालच्या आवरणातूनच वर येतात. त्या खाली बुजल्या की वरची त्वचा काही तासांनी निळसर, जांभळी होते, तिच्यावर पाण्याचे किंवा रक्ताळ फोड येतात, शेवटी ती काळी पडते. तोवर खाली कितीतरी मोठा पट्टा मेलेला असतो. याच सुमारास मज्जातंतूही मरतात आणि दुखणे कमी होते. आदल्या रात्री किंचाळणारा माणूस सकाळी ‘आता दुखत नाही, बधिर वाटतंय’ म्हणाला आणि जागा काळसर दिसू लागली असेल, तर घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडायचा नाही. त्याच मिनिटाला निघायचे.

विषांचा तिसरा प्रकार जखमेपासून दूर, अंगभर काम करतो. एरवी एखाद्या परक्या पदार्थाला ओळखून जाग्या होणाऱ्या टी-पेशी हजारो-लाखोंत एखाद्या असतात. स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस यांची ‘सुपरअँटिजेन’ म्हटली जाणारी विषे ही ओळख-पाळख वगळून थेट पाचव्या हिश्श्यापर्यंत टी-पेशी एकदम उठवू शकतात. त्यांनी ओतलेल्या रसायनांच्या लोंढ्याने वाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे थंडावतात, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. डेनिस स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या रॉकी पर्वतरांगांच्या परिसरातील अशा २० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातले बहुतेक पन्नाशीच्या आतले होते, आणि सुरुवातीची सर्वांत ठळक तक्रार होती वेदना. स्ट्रेप्टोकोकसच्या खोल संसर्गात जवळपास निम्म्या रुग्णांना कुठे जखमच सापडत नाही; मुका मार किंवा स्नायू ताणला गेल्याची आठवण तेवढी असते. म्हणून ‘कातडी फाटलेली नाही, मग संसर्ग कसा होईल’ हा दिलासाही खरा नाही.

आता घरी करायचे ते. वेदनेबद्दल स्वतःला विचारा: एवढ्याशा जागेला ही कळ साजते का? साध्या गोळीने तासभरही उतरत नाही, लालीच्या कडेबाहेर हात लावला तरी माणूस ओरडतो, जागा लाकडासारखी टणक लागते, असे काही असेल तर उत्तर ‘नाही’ आहे असे समजा. वेगासाठी बॉलपेनने लालीची आणि सुजेची कड आखा आणि बाजूला वेळ लिहा. दोन तासांनी पाहा. रेघ ओलांडून बोटभर पसरलेली सूज हा डॉक्टरांना दाखवायचा पुरावा आहे. ‘वाढतंय असं वाटतं’ यापेक्षा तो शतपटीने उपयोगी. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तेव्हा रंगापेक्षा हाताच्या पाठीने उष्णता पाहा, कातडी ताणून चकाकते का ते पाहा, दुसऱ्या पायाशी तुलना करा. आणि मग माणूस पाहा: नाडी पळते आहे का, श्वास वाढलाय का, लघवी कमी झाली का, उलट्या होतात का, बोलण्यात विसंगती आहे का. ताप नसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो कधी नसतोही. वेदनेबरोबर वेग किंवा बिघडलेली अवस्था यांतले काहीही एक असले तर दवाखान्याच्या संध्याकाळच्या वेळेची वाट पाहायची नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन करून थेट अशा रुग्णालयात जावे जिथे सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि अतिदक्षता विभाग तिन्ही आहेत.

वेदनेच्या निकषाला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्याकडे घरोघरी आहे. जुन्या मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंची जाणीव अनेकदा आधीच गेलेली असते, त्यामुळे कळ उठतच नाही. मधुमेही माणसाच्या पायाचा किंवा जांघेचा संसर्ग बहुधा अनेक जंतूंचा मिळून असतो, आणि पॅरिसचे फूर्निए यांनी १८८३ मध्ये वर्णन केलेला जननेंद्रियांभोवतीचा गँगरीन याच जातीचा. इथे कुणी म्हणेल की अशा मिश्र संसर्गात एखादे ठळक विष दाखवता येत नाही, तिथे दोष साखरेचा आणि कमजोर प्रतिकाराचा. आक्षेप रास्त आहे. विष हे सगळ्याचे एकमेव उत्तर नाही. मधुमेह, यकृताचे आजार, दारू, स्टिरॉइड, कर्करोगाची औषधे यांनी जमीन तयार झालेली असते. पण बारीक वाहिन्या बुजणे आणि त्वचेच्या आधी खालचा थर मरणे हे इथेही घडते, म्हणून सल्ला बदलत नाही. बदलतो तो निकष: मधुमेही माणसाच्या बाबतीत वेदनेची वाट न पाहता सूज, दुर्गंधी, फोड, अचानक न आवरणारी साखर आणि गळून जाणे यांवरच निघावे.

‘चांगले भारी अँटिबायोटिक सुरू केले की झाले’ हा समज सर्वांत महागात पडतो. औषध रक्तातून जाते, आणि इथे रक्ताचीच वाट बंद आहे. मेलेल्या भागात ते पोचत नाही. शिवाय अँटिबायोटिक जंतूला मारते, आधीच सुटलेल्या विषाला नाही. तिसरे कारण हॅरी ईगल यांनी १९५२ च्या सुमारास उंदरांवर दाखवले: स्ट्रेप्टोकोकसची संख्या फार वाढली की त्यांची वाढ मंदावते आणि वाढणाऱ्या जंतूची भिंत तोडणारे पेनिसिलिन लुळे पडते. १९८८ मध्ये स्टीव्हन्स यांच्या गटाला उंदरांच्या स्नायूसंसर्गात आढळले की उपचाराला उशीर झाला की पेनिसिलिन निष्प्रभ ठरते, क्लिंडामायसिन मात्र उपयोगी पडते. क्लिंडामायसिन जंतूचा प्रथिने बनवणारा कारखानाच थांबवते, आणि विषे ही प्रथिनेच असतात. म्हणून स्ट्रेप्टोकोकस आणि क्लॉस्ट्रिडियमच्या अशा संसर्गात डॉक्टर पेनिसिलिनबरोबर क्लिंडामायसिन जोडतात. हे वाचून कुणी दुकानातून क्लिंडामायसिनच्या गोळ्या आणू नयेत. त्याला न जुमानणारे जंतू वाढत आहेत, त्याने आतड्याचा गंभीर संसर्ग उद्भवू शकतो, आणि मुख्य म्हणजे गोळ्यांवर काढलेली रात्र परत मिळत नाही.

मग विषावर उताराच का देत नाहीत? प्रश्न योग्य आहे, आणि तसे प्रयत्न झालेलेही आहेत. निरोगी लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडे एकत्र करून शिरेतून देण्याचा, इम्युनोग्लोब्युलिनचा, एक काटेकोर अभ्यास डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतरच्या शारीरिक क्षमतेत फरक आढळला नाही. त्यात निरनिराळ्या जंतूंचे रुग्ण एकत्र होते, त्यामुळे फक्त स्ट्रेप्टोकोकसच्या रुग्णांपुरता हा वाद मिटलेला नाही. तरी मला त्यातून जे दिसते ते असे: रुग्ण अतिदक्षता विभागात पोचेपर्यंत विषाने आपले बरेचसे काम उरकलेले असते. उतारा हातात असला तरी उशीर भरून निघत नाही.

म्हणून मुख्य उपचार शस्त्रक्रिया, आणि ती शेवटचा पर्याय म्हणून नव्हे, पहिला म्हणून. सर्जन शंकेच्या जागी छोटा छेद घेऊन आवरणापर्यंत जातात आणि बोट आत घालून पाहतात. निरोगी आवरण चमकदार, पांढरे असते, खालच्या स्नायूला घट्ट धरून असते, छेद दिला की रक्त येते. आजारी आवरण राखाडी, मळकट दिसते. रक्त येत नाही. भांडी धुतलेल्या पाण्यासारखा पातळ, गढूळ स्राव येतो. आणि बोट काही जोर न लावता थर सोडवत पुढे सरकते. ते जिथवर सहज सरकेल तिथवर संसर्ग पोचला असे धरून सगळा मेलेला भाग काढावा लागतो. तसा तो काढला की विषाचा साठा आणि विष बनवणारे जंतू दोन्ही शरीराबाहेर जातात. २०२० मधल्या एका एकत्रित विश्लेषणात रुग्णालयात आल्यापासून सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १९ टक्के, तर उशीर झालेल्यांत ३२ टक्के होते.

रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे यांवरही फार विसंबू नये. सिंगापूरमध्ये २००४ साली सहा रक्त-तपासण्यांवरून धोक्याचे गुण काढण्याची पद्धत मांडली गेली. गुण जास्त आले तर शंका बळावते, पण कमी आले म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. एक्स-रेत वायूचे बुडबुडे दिसले तर ठीक, पण स्ट्रेप्टोकोकस वायू करतच नाही. सीटी किंवा एमआरआयच्या रांगेत तासन् तास घालवण्यापेक्षा छेद घेऊन पाहणे शहाणपणाचे, ही गोष्ट नातेवाइकांना माहीत असली तर ‘आधी सगळे रिपोर्ट येऊ द्या’ हा आग्रह ते स्वतः धरणार नाहीत.

एवढे वाचल्यावर मनात येईल की आता प्रत्येक फोडाला घाबरायचे का. मुळीच नाही. हा आजार विरळा आहे. ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसमुळे होणाऱ्या नेक्रोटायझिंग फॅशिआयटिसचे रुग्ण संपूर्ण अमेरिकेत वर्षाला साधारण ७०० ते ११५० असतात असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. धावरे, गळू, साधा सेल्युलायटिस (त्वचेचा नेहमीचा संसर्ग) हे त्याच्या कितीतरी पट. नेमक्या म्हणूनच वेदना, वेग आणि अवस्था ही चाळणी हवी, कारण ती नेहमीच्या जखमांना बाजूला ठेवते. लाली आखलेल्या रेघेच्या आत राहिली, दुखणे हळूहळू कमी होत असले आणि माणूस जेवतखात असला, तर नेहमीच्या डॉक्टरांना सवडीने दाखवले तरी चालते.

काही सवयी मात्र आजच बदलाव्यात. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा; चुना, तंबाखू, शेण, माती काही लावू नका, खोल जखमेत मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू आत जातात आणि प्राणवायू नसलेल्या जागी जागे होतात. टिटॅनसचे इंजेक्शन जरूर घ्या, पण ते फक्त टिटॅनसच्या विषापासून वाचवते. इंजेक्शन घेतले म्हणजे जखमेची काळजी मिटली, हा समज काढून टाका. कारण न कळलेल्या खोल दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या-इंजेक्शने पुन्हा पुन्हा घेऊ नका. सूज आणि ताप झाकले जातात आणि निदान लांबते. चोळणे आणि शेकणेही नको. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या आणि टाचांच्या भेगा हे स्ट्रेप्टोकोकसचे नेहमीचे दार आहे. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे पाहा आणि चिखल्यांवर वेळीच उपचार घ्या. यकृताचा आजार असलेल्यांनी उघडी जखम घेऊन खाडीच्या किंवा समुद्राच्या कोमट पाण्यात उतरू नये आणि कच्ची कालवे खाऊ नयेत, कारण व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू त्यांच्यात एका दिवसात रक्ताळ फोड आणि रक्तातला जंतुसंसर्ग घडवू शकतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मासळी साफ करताना काटा लागणे रोजचे आहे, तेव्हा तिथे अशांनी विशेष जपावे. आणि मुलाला कांजिण्या असताना उतरलेला ताप पुन्हा चढला, एखादा फोड फार दुखू लागला किंवा मूल हातपाय हलवेनासे झाले तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कांजिण्यांत आयब्युप्रोफेन देऊ नये.

रुग्णालयात पोचल्यावर थोडक्यात पण नेमके सांगा: दुखणे किती वाजता सुरू झाले, कड किती वेळात किती सरकली, कोणत्या गोळ्या घेतल्या, मधुमेह, यकृत, दारू, स्टिरॉइड यांपैकी काय आहे. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, लगेच भूल द्यावी लागू शकते. मधुमेही रुग्णाची साखर उतरल्याची शंका असेल तर तेवढा अपवाद. संमतीपत्रावर सही करताना घरातले थबकतात, मोठ्या भावाला किंवा गावाकडच्यांना विचारून सांगतो म्हणतात. एवढीशी जखम आणि एवढी मोठी चीर, हे पटत नाही. तेव्हा फोन लावा, पण सही आधी करा. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चोवीस तासांत पुन्हा आत नेऊन पाहतात, उरलेला मेलेला भाग काढतात; हे दोनतीनदाही होऊ शकते आणि याचा अर्थ पहिली शस्त्रक्रिया चुकली असा होत नाही. जखम मुद्दाम उघडी ठेवली जाते, ड्रेसिंग रोज चालते, आणि नवा लालसर थर भरून आल्यावर मांडीची त्वचा काढून तिथे लावतात. स्ट्रेप्टोकोकस निघाला असेल तर घरातल्यांपैकी लहान बाळ, वयस्कर माणूस किंवा नुकती बाळंत झालेली बाई यांना प्रतिबंधक औषध हवे का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या.